भांडंभर पाणी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, की बाबा जेवताना गोष्ट सांगायला लागले की आई उठून त्यांच्यासमोर पाण्याचं भांडं का ठेवते, आणि बाबा मुकाट्याने ते सगळं पाणी का पितात. बाबांनी तुम्हाला सांगितलं म्हणे, "आजीला विचारा, तिची पद्धत आहे." परदेशच्या फोनवर हे सांगून झालं नसतं, शिवाय आजोबा माझ्यासमोर उभे राहून घड्याळ दाखवत होते. म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण यातली माणसं माझ्या कानात मराठीत बोलतात, ती इंग्रजीत बोलायला लागली की परकी वाटतात. आईकडून वाचून घ्या. बाबांकडून नको, ते मधली पानं गाळतील.

मी बत्तीस वर्षं मुंबईत मुलींच्या एका शाळेत ग्रंथपाल होते आणि आजोबा गोदीत. निवृत्त झाल्यावर आम्ही नवीन पनवेलात हे तळमजल्याचं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, जाळी लावलेला व्हरांडा, मागे एक माड. जन्मात पहिल्यांदा आम्हाला आमच्या मापाचं घर मिळालं होतं. कात्री कात्रीच्या खिळ्याला, टॉर्च दारामागे, औषधं वारांप्रमाणे. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागायची. मला वाटायचं, घर इतकं जागच्या जागी आहे, तर माणसंही जागच्या जागी राहतील.

मग पनवेलातलं एक लग्न आलं. पंगतीत आजोबांनी शेजारच्या गृहस्थांना कप्तानाची गोष्ट सांगायला घेतली. तुम्ही ती ऐकली आहे. ज्याने ऐकली नसेल असा माणूस आता रायगड जिल्ह्यात उरलेला नाही. एका परदेशी बोटीचा कप्तान आजोबांच्या कचेरीत आला होता. त्याने आजोबांच्या डब्यातलं माझं लिंबाचं लोणचं पाहिलं, त्याला तो मुरंबा वाटला, आणि पावाला लोण्यासारखं जाड थापून त्याने ते खाल्लं. डोळ्यांतून धारा लागल्या तरी सभ्यपणे शेवटचा घास संपवला, आणि जाताना एक बरणी मागून नेली. गोष्ट चांगली आहे. पण ते गृहस्थ वरणभात कालवत म्हणाले, "हो हो, काल सीमांतपूजनाला सांगितलीत ना. आज नाश्त्यालाही सांगितलीत. आमच्या मिसेसनाही सांगितलीत."

घरापाशी रिक्षातून उतरल्यावर आजोबा म्हणाले, "मी म्हातारा झालो का गं?"

"झालातच की. तो प्रश्नच नाही," मी म्हटलं. "कसे होताय, तो प्रश्न आहे."

त्या संध्याकाळी चहा घेताना मी एक पद्धत सुचवली. आपल्याला आपलं म्हातारपण दिसत नाही, पाठीवरच्या तिळासारखं ते दुसऱ्यालाच दिसतं. तर दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. पण चारचौघांत "अहो, ही गोष्ट झाली सांगून" असं म्हटलं तर अपमान होतो. म्हणून चूक करणाऱ्याला दुसऱ्याने फक्त विचारायचं, "पाणी देऊ का?" एवढं ऐकलं की समजायचं आणि थांबायचं.

"आणि मी 'नको' म्हटलं तर?" आजोबांनी विचारलं.

"'नको' म्हणायचं नाही. लोकांना संशय येईल. पाणी घ्यायचं आणि प्यायचं."

"एक घोट?"

"पूर्ण भांडं. नाहीतर सवय कशी सुटेल?"

मग कशाकशाला पाणी द्यायचं ते ठरलं. सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगणं. उठताना-बसताना "आई गं" करणं. सकाळी पोट साफ झालं की नाही याची बातमी न विचारता देणं. "आमच्या वेळी" या शब्दांनी वाक्य सुरू करणं. एका माणसाला हाक मारताना आधी घरातल्या इतर सगळ्यांची नावं घेऊन येणं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन तारेवर वाळत घालणं आणि त्या कधीतरी लागतील म्हणून साठवणं. बस सुटायच्या दीड तास आधी स्टँडवर जाऊन बसणं. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणं.

खरं सांगते, यादी करताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त आजोबा होते. म्हातारपण त्यांना झालंय आणि मी सोबतीला आहे, असाच माझा समज होता. पहिल्या रविवारी हिशेब मांडला तर आजोबांची चार भांडी झाली होती आणि माझी नऊ. पिशव्यांची तीन, कुलपाची दोन, आणि उरलेली चार एकाच गोष्टीची. लहानपणी शाळेत मला इंग्रजीचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा व्यासपीठावर चढताना माझी चप्पल तुटली आणि मी अनवाणी जाऊन आभाराचं भाषण इंग्रजीत केलं, ती गोष्ट. ही मी क्वचित सांगते असं मला वाटत होतं. आठवड्यात चार वेळा मी ती सांगितली, त्यातली एकदा गॅस सिलिंडरवाल्याला. पाणी प्यायल्यावर मी आजोबांना म्हटलं, "त्याने विचारलं होतं." आजोबा म्हणाले, "त्याने सही मागितली होती. तू इंग्रजीत केलीस आणि मग सुरू झालीस."

अशी दोन वर्षं गेली. पद्धत अंगवळणी पडली. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. आम्ही भरपूर साठवून ठेवायला लागलो. आमची मासळीवाली उरणजवळच्या मोरा बंदरावरून यायची. पाटी डोक्यावरून उतरवली की व्हरांड्याच्या पायरीवर बसून ती मला मासळी साफ करून द्यायची आणि तोंडाने सुनेच्या कागाळ्या सांगायची. तिचीही एक गोष्ट ठरलेली होती, सुनेने सुरमईच्या कालवणात साखर घातली ती. एकदा सवयीने मी तिलाही विचारलं, "पाणी देऊ का?" तिने माझ्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. आजोबा हसले. तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "काकी, तुमी शिकलेली मानसं लय येडी. आमच्यात 'गप बस' म्हनतात." पण पाणी प्यायली. तेव्हापासून तीही आमच्या पद्धतीत आली.

आणि मग कुलपाचं प्रकरण झालं.

मी तुमच्या आत्याकडे दिवसभरासाठी निघाले होते. आजोबा केस कापायला जाणार होते. ते गेलेच असं मी धरून चालले. दार ओढलं, कुलूप लावलं, आणि त्या दिवशी ते एकदाच ओढून पाहिलं. तीनदा नाही, एकदाच. स्वतःवर खूष होत मी स्टँडवर गेले, तेही दीड तास आधी नाही, पंधरा मिनिटं आधी. आत्याकडे पोहोचल्यावर तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलंसुद्धा, की माणसाने ठरवलं तर म्हातारपणीही सवयी बदलता येतात.

आजोबा मोरीत अंघोळ करत होते.

अकराच्या सुमाराला मासळीवाली आली. जाळीआड आजोबा, बाहेर कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. "काका, भायेर कुलूप हाय नि तुमी आत? काकीनं कोंडून ठेवलं का काय?" ती कोयत्याने कुलूप फोडायला निघाली. आजोबांनी फोडू दिलं नाही. कुलूप चांगलं होतं, आणि परत आल्यावर मोडलेलं कुलूप बघून मी चोर आले म्हणून गल्ली गोळा करीन, ही त्यांची भीती. मग तिने जाळीतून चार बोंबील आत सरकवले, आजोबांनी ते आपल्या मताप्रमाणे तळले, आणि जाळीच्या आत-बाहेर बसून दोघांनी गप्पा मारल्या. त्या दिवशी पाणी जाळीच्या आत आणि देणारी बाहेर, म्हणून कप्तानाची गोष्ट तीनदा झाली. मी सहा वाजता परत आले तेव्हा आजोबा जाळीला टेकून शांतपणे पेपर वाचत होते. म्हणाले, "ये. किल्ली आहे ना?"

आम्हाला दोघांना हे फार विनोदी वाटलं. आजोबांनी आत्याला फोनवर रंगवून सांगितलं. आत्या हसली नाही. तिने तुमच्या बाबांना पत्र लिहिलं. बाबांचं उत्तर आम्हाला आलं: डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येतो, तुम्ही दोघं एकटे राहू शकता का ते नीट बघतो, आणि मग ठरवू.

ठरवू म्हणजे काय, ते आत्याने सांगितलं. पनवेलचं घर बंद करायचं आणि आम्ही तिच्याकडे राहायचं. आत्या प्रेमळ आहे, तिच्या घरात मला कोणी कधी तुटक बोललेलं नाही. पण घर चौथ्या मजल्यावर, आणि आमचा पलंग म्हणजे दिवाणखान्यातला सोफा. सगळे झोपायला गेले की उघडायचा आणि सगळे उठायच्या आत मिटायचा. तिथे माझी कात्री कुठे असेल? आजोबांनी माडाकडे बघत विचारलं, "याला कोण पाणी घालील?" या वेळी तो शब्द आमच्या पद्धतीतला नव्हता.

म्हणून ठरवलं, की या परीक्षेत पास व्हायचं. तीन आठवडे म्हातारपणाची एकही खूण दिसू द्यायची नाही. साठवलेल्या दुधाच्या पिशव्या मी ट्रंकेत घातल्या. दोनशेच्या वर होत्या. खुर्चीतून आवाज न करता उठायचा आम्ही सराव केला. "आई गं" तोंडावर येतं ते दाबायला श्वास रोखावा लागायचा, त्यामुळे उठल्यावर आजोबांचा चेहरा टोमॅटोसारखा व्हायचा. "हसा थोडं," मी म्हणायचे. मग ते लाल चेहऱ्याने हसत उभे राहायचे. ते जास्त भयंकर दिसायचं, पण आम्हाला ते तेव्हा कळलं नाही.

बाबा आले. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी विमानं..." आणि मी म्हटलं, "पाणी देऊ का?" ते प्यायले. मी बाबांना हाक मारताना आधी आत्याचं नाव घेतलं, मग तुम्हा दोघांची, मग माझ्या मेलेल्या भावाचं. आजोबा उठले. "पाणी देऊ का?" मी प्यायले. कायदा आम्हीच कडक केला होता, आणि मुलगा समोर असला की घाबरून चुका जास्त होतात. दुपारपर्यंत मी सात भांडी पाणी प्यायले होते, आणि पाण्याचा जो परिणाम व्हायचा तोही होत होता. मोरीचं दार एक जण उघडायचा, दुसरा वाट बघत उभा असायचा. तुमचे बाबा पेपर वाचतोय असं दाखवत होते. पेपर उलटा होता असं मी म्हणणार नाही, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "चला, कर्नाळ्याला जाऊन येऊ." वरून सहल होती, पण मला कळलं, आजोबांना दम किती लागतो ते त्यांना बघायचं होतं. अभयारण्याच्या फाटकापाशी आजोबांनी बसमधून उतरताना "आई गं" केलं. पाणी. चढावर मी पोटाची बातमी दिली, तीही कोणी न विचारता. पाणी. एका बाकावर एक गृहस्थ दुर्बीण घेऊन बसले होते, आजोबांनी त्यांना विचारलं, "तुम्ही कधी कप्तान पाहिलाय?" पाणी. पहिला पक्षी दिसायच्या आत दोन्ही बाटल्या संपल्या, आणि नंतर पक्षी दिसले ते झुडपांमागून. आजोबा एका झुडपामागे, मी दुसऱ्या, आणि तुमचे बाबा पायवाटेवर दोन रिकाम्या बाटल्या घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्याला "जरा थांबा हं, जरा थांबा" सांगत. दम मात्र आजोबांना अजिबात लागला नाही. ते दर पाच मिनिटांनी थांबतच होते.

परत आल्यावर बाबांनी आम्हाला समोर बसवलं. चेहरा गंभीर.

"आई, ही तहान कधीपासून आहे?"

"कसली तहान?"

"आज तुम्ही दोघं मिळून किती पाणी प्यायलात? आणि किती वेळा..." त्यांनी मोरीच्या दाराकडे हात केला. "आई, बाबा, ही साखरेची लक्षणं आहेत. दोघांनाही. आणि तुम्ही ती माझ्यापासून लपवताय."

मी आजोबांकडे बघितलं, आजोबांनी माझ्याकडे. खरं सांगावं तर अख्खी परीक्षा उघडी पडते. न सांगावं तर साखर होते. आजोबा म्हणाले, "उन्हाचं असेल." डिसेंबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीसाठी बाटल्या भरून न्यायच्या होत्या. घरात एकसारख्या दोन जॅमच्या बाटल्या होत्या. त्या मी उकळून घेतल्या आणि गोंधळ नको म्हणून लेबलं लावली: नाव, तारीख, वेळ, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने कोपऱ्यात क्रमांक. आजोबा बाटली उजेडात धरून म्हणाले, "कप्तानाला दिली असती तर प्यायला असता." मी त्यांना पाणी दिलं नाही. बाटल्या भरून झाल्या होत्या.

दोन दिवसांनी आम्ही तिघं डॉक्टरांकडे रिपोर्ट घ्यायला गेलो. हे आमचे नेहमीचे डॉक्टर, गावातले, गप्पिष्ट. त्यांनी कागद वर-खाली बघितले. "साखर नाही. दोघांनाही नाही. मूत्रपिंडं उत्तम. इतकी स्वच्छ मूत्रपिंडं मी या वयात पाहिलेली नाहीत." मग चष्मा काढून म्हणाले, "मग एवढं पाणी का पिता?"

भिंतीवर पंखा टकटक करत होता. शांतता आजोबांना कधीच सोसत नाही. ते पुढे सरकले आणि म्हणाले, "डॉक्टर, मी गोदीत होतो ना, तेव्हा एकदा एका बोटीचा कप्तान..."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी देऊ का?"

आजोबांनी इकडेतिकडे बघितलं. आमचं पाणी संपलेलं. त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावरचा, झाकण ठेवलेला, डॉक्टरांच्या स्वतःच्या पाण्याचा ग्लास उचलला, झाकण बाजूला ठेवलं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. ग्लास परत जागेवर ठेवून त्यावर झाकणही ठेवलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. बाबा आधी ग्लासाकडे, मग माझ्याकडे. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ बसले आणि लग्नाच्या पंगतीपासून कर्नाळ्याच्या झुडपांपर्यंत सगळं सांगितलं, क्रमवार. डॉक्टर हसता हसता खोकायला लागले. त्यांना पाणी द्यावं म्हटलं तर ग्लास रिकामा.

तुमचे बाबा मात्र हसले नाहीत. रिक्षात मधे बसून ते समोर बघत होते. घरी आल्यावर बूट न काढता खुर्चीत बसले.

"मी एवढ्या लांबून कशाला आलो?" ते म्हणाले. "तुम्ही कसे आहात ते बघायला ना? तुम्ही मला दाखवलंत काय? दोन माणसं, लाल तोंडाने हसत उठणारी आणि पाणी पिणारी. मी रोज तुमच्या लेकीला फोन करून सांगतोय की दोघांचं काहीतरी गंभीर आहे."

"तू आम्हाला इथून हलवशील म्हणून," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी पूर्वी ऐकला नव्हता.

"लपवलंत म्हणूनच हलवावंसं वाटतंय. आजपासून पाणी बंद. जे आहे ते मला दिसू द्या. मग मी ठरवतो."

मुलांनो, मोकळं म्हातारं व्हायला सांगितलं की होता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही प्रयत्न केला. मी ट्रंकेतून पिशव्या काढल्या आणि तारेवर लावल्या, पण कोणीतरी बघतंय म्हणून त्या फार नीट लावल्या गेल्या. आजोबा उठताना "आई गं" म्हणाले, पण ते नाटकातल्यासारखं निघालं. बाबांनी मुद्दाम विचारलं, "तो कप्तान काय करत होता?" आजोबा सुरू झाले, लोणच्यापर्यंत आले आणि थांबले. "नको. तुला माहीत आहे. मजा येत नाही." चौथा मजला मला स्पष्ट दिसायला लागला.

दुपारी मासळीवाली आली. पायरीवर बसून पापलेटं साफ करायला लागली. बाबा खुर्ची ओढून व्हरांड्यात बसले. बोलायला काही हवं म्हणून सुरू झाले, "तिकडे आमच्या पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फात अडकली ना..."

ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गाडी पुरली जाते, बाबा बूट न घालता चपलेवर बाहेर जातात, शेजारचा म्हातारा फावडं घेऊन येतो, दोघं दोन तास खणतात, आणि खणून काढलेली गाडी त्या म्हाताऱ्याचीच निघते. गोष्ट चांगली आहे. आल्या दिवसापासून आम्ही ती पाच वेळा ऐकली होती. आम्ही काही बोललो नव्हतो. परीक्षा आमची होती, त्यांची नव्हती.

बाबा फावड्यापर्यंत आले. मासळीवालीने कोयता थांबवला, मान वर केली आणि मला म्हणाली, "काकी, या पोराला पानी द्या."

मी जागची हलले नाही. आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला.

"का? मला तहान नाही," बाबा म्हणाले.

"तहान नाय रं बाबा. मी मंगलवारी आलेली तवा पन तू हेच सांगत व्हतास. आनि त्याच्या आदी पन. त्यो म्हातारा फावरा घेऊन येतो नि गारी त्याचीच निंगते. मना पाठ हाय."

बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "आई, किती वेळा सांगितली मी?"

मी खोटं बोलत नाही. "ही सहावी."

"मला कोणी बोललं नाही. तिकडेही कोणी बोलत नाही." मग म्हणाले, "ऑफिसात मी सुरू झालो की लोक कॉफी आणायला उठतात. मला वाटायचं त्यांना कॉफी आवडते."

आजोबा पेपर खाली ठेवून उठले. "आई गं" खरंखुरं निघालं, कोणीही ऐकत नसताना निघतं तसं. आत गेले, तांब्यातून भांडं काठोकाठ भरून आणलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते घेतलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, पायात बूट, सगळं भांडं प्यायला, मधे श्वास न घेता. मग पालथं करून दाखवलं, लहानपणी दूध संपवल्यावर दाखवायचा तसं.

"पूर्ण प्यायचं असतं ना?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण," आजोबा म्हणाले. "आता तो कप्तान ऐक. हिनेही नीट ऐकलेला नाही, मी जाळीतून सांगत होतो." आणि मासळीवाली म्हणाली, "काका, मी तीनदा आयकलाय," तरी ती गेली नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी आत्याला फोन केला. "राहू दे त्यांना इथेच," ते म्हणाले. पलीकडून आत्या बराच वेळ बोलली. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण मला आजवर कोणी पाणी दिलं नव्हतं." आत्याला त्याचा अर्थ लागला नाही; तिने मला नंतर विचारलं की दादाला भारतात आल्यावर जेवणाखाण्याची आबाळ झाली का.

जायच्या आधी त्यांनी दोन अटी घातल्या. एक, जादा किल्ली मासळीवालीकडे ठेवायची. ती तिने कमरेच्या चंचीत ठेवली आहे, पानसुपारीबरोबर. किल्लीला चुना लागतो, पण उघडते. दुसरी अट कुलपाची. कुलूप कितीदा ओढायचं ते मोजायचं नाही. हवं तर दहा वेळा ओढा, पण लावायच्या आधी दारात उभं राहून आत हाक मारायची, "आत कोणी आहे का?" आणि उत्तराची वाट बघायची. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी काच खाली करून हे चौथ्यांदा सांगितलं. आजोबांच्या हातात भांडं तयारच होतं. ते प्यायले, आणि निघाले. तुमच्या आईला ही पद्धत त्यांनी स्वतःच शिकवली असणार, कारण मी कधी लिहिली नव्हती.

आम्ही ती अट पाळतो. आज सकाळी दोघंही बाजारात निघालो होतो. आजोबा पिशवी घेऊन माझ्या शेजारीच पायरीवर उभे. मी हातात कुलूप घेऊन रिकाम्या घरात वाकून विचारलं, "आत कोणी आहे का?" आम्ही दोघं थांबलो. आजोबांनी कानामागे हात धरला. समोरच्या घरातल्या बाई रोज हे बघतात आणि आता काही बोलत नाहीत.

अजून तरी आतून कोणी ओ दिलेली नाही.